टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

माझ्या लेकीला, दिपालीला, पहिली मुलगी झाली ते २०२२ साल. बाळाचं नाव ठेवायला मी हिमायतनगरहून तिच्या सासरी, लातूरजवळच्या मुरुडला गेलो होतो. सटवाजी त्याच गावचा. ऐन उमेदीत आम्ही दोघांनी एकाच ट्रकवर बरीच वर्षं काढली. पुढं तो ट्रक सटवाजीनं मालकाकडून विकतच घेतला. कार्यक्रम आटोपला तसा मी त्याच्या घरी गेलो.

सटवाजी अंगणात बाजेवर बसून धापा टाकत होता. समोर लिंबाखाली तोच ट्रक उभा होता, खडीनं भरलेला.

"मला दमा, ह्या गाडीलाबी दमा," तो म्हणाला. "रामलिंगनं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मी डोळे मिटंस्तोवर कापू नको म्हणलं, तर ऐकून न्हाई राहिला."

रामलिंग त्याचा मुलगा. "काका, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "लातूरच्या मिस्त्रीनं फिल्टर बदलला, पंप खोलला, पाइप नवे टाकले. चढ लागला की जोर सोडती आन् बंद पडती, घडीभरानं परत चालू होती. भरल्या गाडीनं रस्त्यात किती वेळा उभं राहावं?"

त्याचंही खरं होतं. पण मला त्या इंजिनाचं नवल वाटलं. तापून बंद पडलं असतं तर पाणी उकळलं असतं. पंप गेला असता तर लगेच परत चालू झालं नसतं.

"बंद पडल्यावर तू काय करतोस?"

"झाकण काढून टाकीत डिझेल बघतो. डिझेल असतंय. मग पाइपातली हवा काढतो, सेल्फ मारतो, की चालू."

"आधी झाकण काढतोस?"

"हाव. दर वेळी."

"आज काढू नको. मला बघू दे."

सटवाजी ऐकेना, तोही केबिनमध्ये चढला. गावाबाहेरच्या चढावर इंजिन गुरगुरलं, मंदावलं, बंद पडलं. मी खाली उतरलो, टाकीला कान लावला आणि झाकण हळूच सैल केलं. सूं असा लांबलचक आवाज आला. हवा बाहेर आली नाही, आत गेली.

टाकीतून डिझेल जातं तशी त्याच्या जागी हवा यावी लागते. नाहीतर पंप ओढत राहतो आणि डिझेल जागचं हलत नाही. हवेसाठी झाकणाला बारीक भोक असतं. मी झाकण उलटसुलट केलं. वरच्या बाजूला कवटीसारखा कडक, जाड शेंदूर होता. भोक कुठंच दिसत नव्हतं.

"आईनं लावलाय," रामलिंग म्हणाला.

झाकण नुसतं टेकवून आम्ही घरी आलो. मी झाकण काढलं तसं सटवाजीच्या बायकोनं, साखराबाईंनी, ते माझ्या हातातून घेतलं.

"यांचा जीव गाडीत, म्हणून यांचा दमा वाढला तवापासून दर शनिवारी मारोतीचा शेंदूर लावते. गाडी जिथून पिती ते तिचं तोंड, म्हणून तिथं."

"वहिनी, हे खरवडावं लागंल."

"शेंदूर खरवडत नसतात, भाऊ. तुमचं काय, तुम्ही बौद्ध, तुमच्यात देवच न्हाई."

मी खरवडायला घेतलेला पेचकस खाली ठेवला. नवऱ्यासाठी लावलेला शेंदूर होता तो, मी कोण काढणार?

सटवाजी बाजेवरून खोकत हसला. "अगं, मारोती वाऱ्याचं लेकरू. वाऱ्याला वाट करायला मारोतीचा शेंदूर मारोतीच मागून राहिला. दे की."

साखराबाई पदरात हसल्या. झाकण मात्र त्यांनी मला दिलं नाही. त्यांनी स्वतः त्याच्यावर तेल सोडलं, शेंदूर मऊ केला, पानावर काढून घेतला आणि पुढच्या बंपरवर लावला.

"हितं भोक न्हाई ना?"

"न्हाई वहिनी. हितं पाहिजे तेवढा लावा."

मग मी खराट्याच्या काडीनं भोक मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खडी घेऊन ट्रक तो चढ न थांबता चढला. वर गेल्यावर सटवाजीनं इंजिन बंद करू दिलं नाही. मान वाकडी करून तो ऐकत बसला.

"रेस जरा जास्त हाय," तो म्हणाला.

मी बॉनेट उघडून रेसचा स्क्रू थोडा थोडा फिरवला, केबिनची थरथर थांबेपर्यंत. रामलिंगनं फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

"कवापर्यंत?" पलीकडून त्यानं विचारलं असावं.

"आबा हायत तवर," रामलिंग म्हणाला.

सटवाजीनं ऐकलं. "मग लवकर न्हाई मी जात," एवढंच तो बोलला.

सटवाजी २०२३ च्या पोळ्यानंतरच्या शनिवारी सकाळी वारला. ट्रक तेव्हा कडबा घेऊन लातूरला गेला होता.