चंदेरी पिन

माझे थोरले दीर महिपतदादा यांना फिनिशिंगचं भारी वेड. काशीमीऱ्याच्या आमच्या गाळ्यातून निघालेला माल चकाचक दिसलाच पाहिजे, मग तो चालो न चालो. गाळ्याचं ऑफिस मीच सांभाळते, त्यामुळे हे म्हणायचा मला हक्क आहे.

मेहसाण्याकडे जमिनीखाली डांबरासारखं घट्ट तेल आहे. विहिरीत वाफ सोडून ते पातळ करतात आणि मग उपसतात. वाफेच्या पाइपाला खालून आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या पेट्या आम्ही बनवल्या होत्या. प्रवासात स्प्रिंग हलू नये म्हणून पेटीत पिन घालतात. तिला लाल रंग देतात, कारण वाफ सोडण्याआधी ती आठवणीने काढायची असते. ती राहिली, तर तापून लांबणाऱ्या पाइपाला हलायला जागा उरत नाही आणि तो फाटतो.

पेट्या बसवायला माझा नवरा अभिनव तिकडे गेला होता. आज दुपारी वाफ सोडायची होती.

जेवण झाल्यावर आमचा रंगारी सुभाष सहज बोलून गेला, की एका पेटीवर दादांनी पिनेसकट चंदेरी स्प्रे मारायला लावला, लाल ठिपका वाईट दिसतो म्हणून. अभिनव लाल पिना शोधणार होता.

विहिरीजवळ मोबाइल नेऊ देत नाहीत. मी साइटच्या ऑफिसात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, वाफ सुटली आहे, असं कुणाच्याही फोनवर ती बंद करता येत नाही, मालकांना बोलू द्या.

मी रिसीव्हर समोर बसलेल्या दादांपुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"हे बोललो तर पुढची ऑर्डर गेली, सुचेता. अभिनव हुशार आहे. दिसेल त्याला."

सख्ख्या भावाबद्दल हे बोलत होते. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात पलीकडे आरडाओरडा झाला, साहेब रिसीव्हर टाकून धावले. मी वेड्यासारखी हॅलो हॅलो करत राहिले. बऱ्याच वेळाने धापा टाकत अभिनव फोनवर आला.

"मी ठीक आहे. पाइप करकरायला लागला, तेव्हा वाफ बंद केली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पिन चंदेरी रंगाखाली होती, पण ती काढायला मीच विसरलो, असं सांगितलंय. मला इथून काढतायत. चालेल, दादाचं नाव वाचलं."

मला रडू फुटलं. दादांनी समोरून विचारलं, "माल पास केला का, विचार ना."

मी डोळे पुसले आणि अभिनवला म्हटलं, "अहो, साहेबांना फोन द्या."

साहेब आले.

"साब, ये झूठ बोल रहे हैं," मी म्हणाले. "पिन हमने रंग मारके छुपाई थी."