विमानाच्या नाकाचा रंग

लुबोर कादलेत्सला माणसं फारशी आवडत नसत, आणि चुकून एखादा माणूस आवडलाच तर त्याने बांधलेलं विमान आवडत नसे. अशा माणसाला लिपोवेत्सच्या लोकांनी गेली बावीस वर्षं आपल्या स्पर्धेचा मुख्य परीक्षक करून ठेवलं होतं. दर एप्रिलमध्ये सोकोल या क्रीडासंघाच्या व्यायामशाळेत टेबलं लागत, त्यांवर पांढरा कागद पसरला जाई, आणि हिवाळाभर घराघरांत चिकटवलेली तळहाताएवढी प्लास्टिकची लढाऊ विमानं तिथे रांगेत येऊन बसत. मग कादलेत्स येई. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दातांच्या डॉक्टरकडचा दांडीचा आरसा. विमानाला हात लावायचा नाही असा नियम होता, म्हणून तो त्यांच्या पोटाखाली आरसा सारून बघे आणि नाक मुरडे.

मागोमाग वही घेऊन विमानं बांधणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष रादिम तेसार चाले. रादिमचा धंदा बॉयलर दुरुस्तीचा. एरवी आवाज खणखणीत, पण कादलेत्ससमोर त्याच्या तोंडून "होय इंजिनियरसाहेब" एवढंच निघे.

"हे काय आहे?" कादलेत्सने एका टेबलापाशी थांबून विचारलं.

"मेसरश्मिट, इंजिनियरसाहेब."

"ते मला दिसतंय. पंखाच्या सांध्यावर ही फट कसली? विमान बांधलंय की पत्रपेटी? दोन लिही."

"दहापैकी दोन?"

"मग काय शंभरपैकी? आणि हा शेजारचा बघ. काचेवर आख्खा अंगठा उमटलाय. पोलिसांना बोलव, चोर सापडेल."

अंगठ्याचा मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो कसनुसं हसला. कादलेत्सला अशा हसण्याची मनापासून किळस यायची. शिव्या खाऊन वर हसतात, पुढच्या वर्षी तीच चूक घेऊन येतात आणि मध्ये बारा महिने एकमेकांची पाठ थोपटतात, असं त्याचं या लोकांबद्दल मत होतं. ते पुष्कळसं खरंही होतं.

तिसऱ्या टेबलावर पाच सारखी विमानं होती. रशियन बनावटीचं याक, हिरवं-करडं अंग आणि टोकाला टोमॅटोसारखं लाल नाक. इथे मात्र कादलेत्सची पावलं मंदावली. कारण ते नाक त्याचं होतं.

पंचेचाळीस सालच्या एप्रिलमध्ये हे विमान सहा किलोमीटरवरच्या रोकिता गावात, बिटाच्या शेतात पडलं. वैमानिक तिथेच गेला. गावच्या शाळामास्तरांनी पडलेल्या विमानाचा एक फोटो काढला, तेवढाच एक फोटो, काळा-पांढरा. त्यात विमानाचं नाक अंगापेक्षा चांगलंच काळपट दिसतं. सत्तावीस वर्षांपूर्वी तरुण कादलेत्सने त्या फोटोवर एक लेख लिहिला आणि नाक लाल होतं असं सिद्ध करून टाकलं. लेख गाजला. विमानांवर चिकटवायचे आकडे विकणाऱ्यांनी पत्रकात लाल नाक छापलं. तेव्हापासून सगळा देश ते नाक लाल रंगवत होता. आता रोकिताच्या शेतात दगडी चबुतरा उभा राहत होता. त्यावर पत्र्याचं विमान, त्याला लाल नाक, आणि खाली संशोधक म्हणून इंजिनियर लुबोर कादलेत्स हे नाव. उद्घाटन मे महिन्यात ठरलं होतं. आयुष्यात त्याने दुसरं काही केलं नव्हतं. बायको केव्हाच सोडून गेली होती, कारखान्यातल्या नोकरीत तो सिमेंटच्या पाइपांची चित्रं काढत निवृत्त झाला होता. त्याच्याकडे होतं ते हे नाक.

"मेंढरं," पाच विमानांकडे बघत तो पुटपुटला, पण प्रत्येकाला सात-सात गुण दिले.

शेवटचं टेबल देखाव्यांचं. नवशिक्यांच्या कोपऱ्यात, केकच्या पुठ्ठ्यावर मांडलेला एक देखावा होता. नांगरलेलं शेत, त्यात पोटावर बसलेलं याक. तांबडी-काळी ढेकळं कॉफीचा चोथा वाळवून केलेली. प्रोपेलरचं फक्त खालचं पातं मागे वाकलेलं, म्हणजे पडताना इंजिन बंद होतं हे बांधणाऱ्याला कळलं होतं. त्या बाकीच्या पाच जणांपैकी एकालाही ते कळलं नव्हतं. बांधावर नखाएवढी मुलगी, हातात बादली. दूर कॅमेरा धरलेले मास्तर. आणि विमानाचं नाक पिवळं. अंड्याच्या बलकासारखं गडद पिवळं.

"कुणाचा हा विनोद?" कादलेत्सने विचारलं.

"माझा," मागून एक बाई म्हणाली. "आणि विनोद नाहीये."

द्राहोमीरा शेबेस्तोवाबाईंनी रोकिताच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं डाव फिरवला होता. त्यांचा नवरा या मंडळाचा सभासद होता. तो विमानांच्या सुट्या भागांची खोकी विकत घेई आणि माळ्यावर रचून ठेवी, विमान एकही पुरं केलं नाही. तो गेल्यावर बाईंनी खोकी फेकायच्या ऐवजी उघडली.

"बाई, लेख वाचलात का?"

"वाचला की. दोनदा वाचला. पण माझी आई तिथे होती, आणि तुम्ही नव्हतात." त्यांनी बादलीवाल्या मुलीकडे बोट दाखवलं. "ही माझी आई. नऊ वर्षांची. पाणी घेऊन धावली होती, पण त्या पोराला पाण्याची गरज उरली नव्हती. नाक पिवळं होतं, ती मरेपर्यंत सांगायची."

"नऊ वर्षांच्या पोरी बरंच काही सांगतात."

"आणि साठ वर्षांचे पुरुष?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. कादलेत्सने वळून पाहिलं तसं हसणं बंद झालं.

"पुरावा लागतो, बाई. इथे आजीबाईंच्या गोष्टींना गुण नसतात. रादिम, शून्य लिही."

"शून्य? अहो, पण ते पातं बघा ना किती…"

"शून्य!"

शेबेस्तोवाबाईंनी पदकांच्या टेबलाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "निकाल चारला ना? पुरावा हवा काय तुम्हाला? थांबा." त्यांनी भाच्याला हाक मारली आणि दोघं गाडीत बसून निघून गेली.

कादलेत्स जेवायला बसला. गुलाशचा रस्सा पातळ होता, त्याबद्दल तो वाढणाऱ्या बाईला बोलला. मग वाडगा बाजूला सारला. बारा वर्षांपूर्वी एका जर्मन मासिकात त्याने वाचलं होतं की त्या काळच्या स्वस्त फिल्मवर पिवळा रंग उजळ उमटतच नाही, काळपट उमटतो. लालही काळपट, पिवळाही काळपट. फोटोवरून दोन्ही सारखेच. त्या दिवशी त्याने मासिक मिटून कपाटाच्या मागच्या बाजूला टाकलं होतं आणि पुन्हा काढलं नव्हतं. इतकी वर्षं या मूर्खांपैकी एकानेही तो प्रश्न विचारला नाही, यावर तो निश्चिंत होता. मूर्खांचा एवढा तरी उपयोग होता.

तीन वाजता बाई परत आल्या. भाच्याच्या काखेत एक पत्रा होता, दाराएवढा नाही, खिडकीच्या झडपेएवढा.

"सशांच्या खुराड्याचं दार," बाई म्हणाल्या. "आजोबांनी त्याच आठवड्यात विमानाचा पत्रा कापून आणला. गावात सगळ्यांनीच आणला. आमच्याकडे अजून ससे आहेत, म्हणून दार आहे."

टेबलाभोवती गर्दी झाली. पत्र्याला हलका बाक होता आणि कडेने झाकण बसवायच्या खटक्यांची भोकं होती. कादलेत्सला ती भोकं तोंडपाठ होती. इंजिनावरचं झाकण, नाकाला लागून असलेलं. खोटं बोलायला जागाच नव्हती. वर रंग उडून गेलेला, मातकट, कुठे पिवळसर, कुठे तपकिरी.

"आईशप्पथ," रादिम म्हणाला. "रंगारी तर कालच चबुतऱ्यावरचं काम संपवून गेला."

"तू गप्प बस," कादलेत्स म्हणाला. "बाई, पत्रा अस्सल आहे, मान्य. पण हा रंग? सत्तर वर्षं ऊन, पाऊस आणि सशांचं मूत. लाल रंग सगळ्यांत आधी उडतो. मागे उरतो तो असला मळकट पिवळा."

"तेच म्हणतोय मी मघापासून," पाचांतला एक लाल नाकवाला म्हणाला. तो मघापासून काहीच म्हणाला नव्हता.

शेबेस्तोवाबाई हटल्या नाहीत. "मग बिजागरीखाली बघा. ती पट्टी आजोबांनी लावली ती कधी निघाली नाही. तिथे ना ऊन गेलं, ना ससा. लाल असेल तर तिथे लालच असणार."

कादलेत्सला बाईचा राग आला, आणि त्याहून जास्त, ती या खोलीतली एकटी विचार करणारी व्यक्ती आहे याचा राग आला.

रादिमने पाना आणला. परीक्षक तपासत असताना बाकीच्यांनी दोरीच्या मागे राहायचं, असा नियम. सगळे आज्ञाधारकपणे मागे सरले, बाईसुद्धा. कादलेत्सने पत्रा आपल्याकडे वळवून घेतला, गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला आणि पट्टी नखाएवढी उचलली. टॉर्च लावला.

पिवळा. ताजा, चकचकीत, कालच दिल्यासारखा पिवळा. त्याने नखाने खरवडलं. पिवळ्याखाली करडं अस्तर, त्याखाली धातू. लालाचा ठिपका नाही.

"काय आहे, साहेब?" असं रादिमने विचारलं तेव्हा तो भानावर आला. त्याने पट्टी दाबली आणि बोल्ट घट्ट, अगदी घट्ट पिळला.

"लाल," तो म्हणाला.

मग तो थांबला. आता कुणीतरी म्हणेल, मलाही बघू द्या. पन्नास माणसं उभी होती. अर्ध्यांच्या खिशात टॉर्च होता. खिळ्यांच्या ओळी मोजणारी, पंखावरच्या ताऱ्याच्या टोकावरून हमरीतुमरीवर येणारी ही माणसं. त्यांच्यातला एक जरी म्हणाला असता, तर कादलेत्सने काय केलं असतं कोण जाणे. कदाचित पाना पुढे केला असता. त्याच्या आत काहीतरी तशी वाटही बघत होतं.

"चला, सुटलो!" रादिम म्हणाला आणि टाळ्या वाजल्या. लोक पांगले. कुणी बिअर आणायला गेलं, कुणी पदकांच्या टेबलाकडे. कादलेत्सला त्यांची इतकी घृणा कधी आली नव्हती. आणि या खेपेला आपणही त्यांच्यातच मोजले जातोय, सगळ्यांत खाली, हे त्याला टाळता आलं नाही.

शेबेस्तोवाबाई मात्र गेल्या नाहीत. त्या दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कादलेत्सला वाटलं, हिला कळलंय. आता ही पाना मागेल. त्याने पाना मुठीत धरून ठेवला होता.

"लाल," बाई हळूच म्हणाल्या. "खरंच?"

"खरंच."

"मग असेल बाई. मला गुलाश-सुपातलं कळतं, विमानातलं तुम्हाला. आणि तुम्ही तिरसट आहात, पण खोटं बोलायला तुम्हाला काय पडलंय?"

त्याने पाना कोटाच्या खिशात टाकला.

"आईने मग काय पाहिलं असेल हो? सत्तर वर्षं सांगत राहिली. शेवटी शेवटी माझं नाव विसरली, पण नाक पिवळं होतं हे विसरली नाही. आम्ही हसायचो तिला." त्यांनी पुठ्ठ्यावरची ती बादलीवाली मुलगी बोटाने जराशी सरळ केली. "पोरगीच होती. घाबरली असेल. धूर, ऊन… काहीतरी भलतंच डोक्यात बसलं असेल तिच्या. मीही उगाच तिच्या नादाला लागले."

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, एक बारका ब्रश काढला आणि खुर्ची ओढून देखाव्यासमोर बसल्या.

"रादिम, तुझा तो लाल देतोस का रे जरा? चुकीचं घेऊन घरी कशाला जाऊ." मग त्या कादलेत्सकडे वळल्या. "साहेब, लाल म्हणजे नेमका कुठला? नंबर सांगा ना. आणि हे पिवळं आधी खरवडून काढू का?"

रादिम रंगांच्या बाटल्यांचा डबा उघडून वाट बघत राहिला.

"एकोणीस," कादलेत्स म्हणाला. "खरवडू नका. पिवळ्यावर लाल चांगला बसतो. एकच हात पुरेल."