दादाची दाढ

धाकट्याने फळा पुसला. फळ्यावर काहीच नव्हतं, तरी दोनदा पुसला. मग खडू उचलला, त्याचं टोक न्याहाळलं आणि तो कानावर खोचून आत जायला वळला. सलूनबाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या तिकीट तपासनिसाने सुस्कारा सोडला. रिटायर होण्याआधीच त्याच्या डोक्यावरचे सगळे केस गेले होते. या दुकानात तो फक्त फळा वाचायला यायचा.

“आजही नाही?”

“बघू.”

“दोन महिने बघतोयस, लेका. मी काय वर्तमानपत्र वाचायला लागू या वयात?”

रोज एक विनोद, असा त्या फळ्याचा अकरा वर्षांचा नेम होता. फळा बाहेर, कारण आत विनोदाला बंदी होती. एकदा एक गिऱ्हाईक गळ्यावर वस्तरा असताना हसलं होतं, आणि त्याला विनोदापेक्षा टाकेच जास्त लक्षात राहिले.

धाकट्याने रात्री रचलेला विनोद सकाळी आधी दादाला ऐकवायचा, अशी रीत. पहिल्या दिवशी दादा खो खो हसला. विनोद फळ्यावर गेला, आणि गल्लीत कुणाची मिशीसुद्धा हलली नाही. दुसऱ्या दिवशी दादाने काढा प्यायल्यासारखं तोंड केलं, दाढ दुखतेय म्हणाला, आणि त्या विनोदावर नऊ माणसं हसली. एवढ्या भक्कम पुराव्यावर धाकट्याने कायदा केला : दादा हसला की विनोद केरात, दादाचं तोंड कडू झालं की फळ्यावर. अकरा वर्षांत कायदा एकदाही चुकला नाही. धाकट्याला त्याचा अभिमान होता, आणि आत कुठेतरी ते सलायचंही. सख्खा भाऊ, पण आपल्या एकाही बऱ्या विनोदावर कधी हसला नाही.

दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी वस्तऱ्याला धार लावता लावता दादा खाली बसला. बसला तो उठला नाही.

मग धाकट्याने गिऱ्हाइकांवर प्रयोग करून पाहिले. पण गल्लीतली माणसं फार भली निघाली. ती सगळ्यालाच हसायची. एकदा त्याने फळ्यावर ‘दोन ते चार बंद’ एवढंच लिहिलं, तर तिकीट तपासनीस ठसका लागेपर्यंत हसला आणि जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला. त्या दिवसापासून खडू चालेना.

“भाऊजी, रिकामे आहात का?”

दारात वहिनी उभी होती. ती सरळ आत आली आणि दोन खुर्च्यांपैकी दादाच्या खुर्चीपुढे जरा थबकून त्याच खुर्चीत बसली.

“खालची टोकं तेवढी काढा. दर महिन्याला हे काढायचे, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून. आता फाटे फुटलेत.”

त्याने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. केस ओले केले, विंचरले आणि कात्री चालवायला घेतली.

“फळा भाजीवालीला देऊन टाकतोय,” तो केसांकडे बघत म्हणाला. “भाव लिहायला होईल तिला.”

“का?”

“सुचत नाही. आणि सुचलं तरी बरं की वाईट ते ठरवणार कोण? दादाला विनोदातलं ओ की ठो कळायचं नाही, म्हणून तर आपलं चाललं होतं.”

वहिनीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

“ह्यांची दाढ आठवते तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? कायम ठणकायची.”

“एकही दाढ किडलेली नव्हती. गाल चावायचे ते, आतून. तुमचा कायदा दुसऱ्याच आठवड्यात कळला होता त्यांना. आवडलेला विनोद वाचवायचा तर तोंड कडू ठेवायला हवं. फुसका असेल तो मोठ्याने हसून घालवायचा. गाल इतका सोललेला असायचा, की मी भाजीत तिखट टाकणं सोडलं.”

कात्री थांबली.

“मग मला सांगायचं नाही?”

“मी म्हणायचे, सांगून टाका. तर हे म्हणायचे, कळलं की बिथरेल, लिहिणं सोडेल. रात्री घरी येऊन हसायचे पोटभर. उंटाचा तर आठवड्यातून एकदा असायचाच.”

“कुठला उंटाचा?”

“तुमचाच की! एक उंट शिंप्याकडे जातो, तो.”

“मग?”

“मला काय माहीत? एवढं सांगून स्वतःच लोळायला लागायचे. शेवट कधी ऐकलाच नाही मी. म्हटलं, आज तुम्हालाच विचारावं.”

धाकटा आठवायला लागला. फळा रोज रात्री पुसला जायचा, वहीत एक ओळ उतरवलेली नव्हती. उंट कधी आला, शिंप्याला काय म्हणाला, काही केल्या सापडेना. वहिनी आरशात त्याच्याकडे बघत थांबली होती.

“वहिनी, नाही आठवत.”

“असं कसं हो, भाऊजी?” ती म्हणाली. इतका वेळ धड असलेला तिचा आवाज तिथे फाटला. “तुमचाच होता ना?”

त्याने कंगवा तिच्या हातात दिला आणि अर्धे केस तसेच सोडून तो बाहेर गेला. फळ्यापुढे उभा राहिला. बऱ्याच वेळाने त्याने कानावरचा खडू काढला आणि लिहिलं : एक उंट शिंप्याकडे गेला.

तिकीट तपासनीस बाकावरून उठून जवळ आला. त्याने ओळ वाचली. हसला नाही.

“पुढे?”

“दादा इथपर्यंतच पोचायचा,” धाकटा म्हणाला. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि जरा वाकून खालची ओळ सुरू केली.