एकटा चौकोन

गोधडीत एखादा चौकोन कलला तर शेजारचे त्याला सांभाळून घेतात; भरल्या कुटुंबात एखादा हेकट माणूस खपून जातो, तसे. तोच चौकोन एकटा चौकटीत बसवला की त्याचा कल उघडा पडतो. तिसऱ्यांदा उसवताना हे मला कळत होते, आणि बोटे मात्र ऐकत नव्हती.

ताईच्या नव्या घराच्या भिंतीसाठी वीतभर चौकोन शिवायचा होता. आत आठ टोकांचा तारा, आईने जपून ठेवलेल्या आमच्या लहानपणच्या फ्रॉकांचा: तिचा निळा, माझा पिवळा. जिच्यात ताईला खोट काढता येणार नाही अशी एक तरी वस्तू मला तिच्या हाती द्यायची होती. पण तिरपे कापलेले जुने कापड शिवताना ताणते, इस्त्रीखाली आणखी ताणते. प्रत्येक वेळी चौकोन त्याच कोपऱ्याकडे झुकला, पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखा.

फोनवर मी कापडाला दोष दिला. ताई खळखळून हसली.

"नाचता येईना अंगण वाकडे! शाळेच्या वहीत तुला समास तरी कधी सरळ आखता आला का गं?"

आणखी एकदा उसवले असते तर कडाच विरल्या असत्या, आणि फ्रॉक आता संपले होते. तो चौकोन तसाच उचलून मी फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला.

"मॅडम, हा काटकोनात नाही, थोडा कललाय."

"मग फ्रेमही तशीच करा. त्याच्या कलाने घ्या. चारही बाजूंना सारखी जागा सुटली पाहिजे."

"उभ्या जन्मात वाकडी फ्रेम कुणी मुद्दाम मागितली नव्हती. करतो. पण मागे दुकानाचं लेबल लावणार नाही हं!"

काचेआड तारा निर्दोष दिसला. ताईच्या घरी भावोजींनी खिळा ठोकला, मी स्टूल धरून उभी राहिले. ताईने चष्मा चढवला आणि टोके जुळली आहेत का ते एकेक करून पाहिले.

"शिवण बरी जमलीय," ती म्हणाली. तेवढ्यावरच थांबली असती तर! "पण टांगायला तरी सरळ टांगा."

तिने एक कोपरा वर ढकलला. वरची कड सरळ झाली, तर बाजू कलल्या. बाजू सरळ केल्या, तर वरची कड घसरली.

"अहो, खिळा कसा मारलात हा?"

"खिळ्याला कसली दिशा? तुम्हा बहिणींचं तुम्ही बघा," भावोजी म्हणाले आणि हातोडी ठेवायला निघून गेले.

चौकट मुळातच वाकडी आहे, हे वाक्य माझ्या दातांपाशी येऊन थांबले. सांगावे, तर जन्मभर ऐकून घ्यावे लागेल. न सांगावे, तर ती येता-जाता तिला ढकलतच राहील. तिची नजर आता ताऱ्यावर नव्हतीच. चौकटीच्या कडेकडेने ती फिरत होती, आणि निळा कुठला, पिवळा कुठला, हे तिने विचारलेही नव्हते.

शेवटी ताई दोन पावले मागे सरली, डोके एका बाजूला झुकवून पाहत राहिली.

"भिंतच वाकडी बांधलीय मेल्यांनी."

"हो ना," मी म्हणाले, आणि स्टूल उचलले.