गुलाबी न झालेलं सिमेंट

सिमेंटच्या प्रयोगशाळेतल्या ताईंचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. तेलविहिरीत पोलादी नळीभोवती सिमेंट भरतात. जमिनीतला आम्लवायू ते हळूहळू खातो, आणि मग तोच विषारी वायू भेगांतून वर कामगारांपर्यंत पोचतो. नव्या विहिरीवरचा ड्रिलर कोण, तर ताईंचा सख्खा थोरला भाऊ! म्हणून त्यांनी नेहमीचं सिमेंट बाजूला ठेवून फॉस्फेटचं वेगळंच मिश्रण जमवलं होतं. त्याच्या कांड्या तीन महिने त्याच वायूत, दाबाखाली, बंद लोखंडी भांड्यात पडल्या होत्या. आज भांडं उघडायचं. कांडी टिकली तर विहिरीत ताईंचं सिमेंट, नाहीतर जुनंच. दोन्हींच्या गोण्या तिकडे तयार होत्या.

प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळे हेडमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्यांनी एक कांडी मधोमध कापून घेतली आणि वर तपासणीचं द्रावण फवारलं. चांगलं सिमेंट या द्रावणाने गुलाबी होतं, वायूने खाल्लेलं होत नाही. एवढं तिथल्या फरशीलासुद्धा पाठ होतं.

कांडी पांढरीफटक राहिली. आरपार.

हेडमास्तरांनी वहीत ‘नापास’ लिहिलं आणि मेहनत मात्र चांगली होती, असं काहीसं पुटपुटले. आता असलं कौतुक काय चाटायचंय? दादाला कोणत्या तोंडाने सांगायचं? ताई मुकाट्याने टेबल पुसायला लागल्या. पुसता पुसता कोपऱ्यातली एक जादा कांडी हाताला लागली. ही भांड्यात गेलीच नव्हती, वायू तिला शिवलासुद्धा नव्हता. ताईंनी तीही कापली आणि फवारलं.

तीही पांढरीच.

ताईंनी दोन्ही कांड्या शेजारी शेजारी ठेवल्या. द्रावण गुलाबी होतं ते सिमेंटातल्या मोकळ्या चुन्यामुळे. आणि वायूला खायला मिळू नये म्हणून तो चुना तर त्यांनीच हद्दपार केला होता! जे नाहीच, ते रंगणार कुठून? वर्षानुवर्षं तेच द्रावण फवारून सगळ्यांनी अक्कल गहाण टाकली होती, ताईंनीसुद्धा. त्यांना इतकं हसू फुटलं की हेडमास्तर घाबरून पाणी घेऊन आले.

मग भांड्यातली दुसरी कांडी दाबयंत्रात बसवली. तीन महिन्यांपूर्वी ताजी कांडी जिथे फुटली होती, तो आकडा काट्याने गाठला, ओलांडला. कांडी आपली ढिम्म. हेडमास्तरांनी आधी चष्मा पुसला, मग तबकडीवरची काच पुसली, आणि शेवटी फोनच ताईंच्या हातात ठेवला. तुम्हीच सांगा, म्हणाले.

ताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“खात्री आहे ना गं?” दादाने विचारलं.

“इतकी, की उद्या डबा घेऊन येते आणि तुझ्या विहिरीच्या तोंडाशी बसून जेवते.”

यंत्रांच्या घरघरीतून दादाने आपल्या माणसांना मारलेली हाक ऐकू आली.

“चला रे, नव्या गोण्या फोडा. माझ्या बहिणीचं सिमेंट आहे.”