उभ्या वरंब्यांचं वर्ष

खट्. मग थोडं थांबून पुन्हा, खट्.

कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकल्याचा आवाज. एरवी तो आमच्या घरात रोजचाच, पण त्या सकाळी सगळी टेकडी गप्प असायला हवी होती. आम्हा कोम लोकांचा आठवडा आठ दिवसांचा, आणि त्यातल्या एका दिवशी जमिनीला लोखंड लावायचं नाही. त्या दिवशी माती निजलेली असते, असं आई सांगायची. बायका दारात बसून एकमेकींचे केस विणायच्या, मक्याची कणसं सोलायच्या आणि आठवडाभराचं बोलून घ्यायच्या.

आई चटईवर उठून बसली. मी, बी, तिच्या कुशीत होते, सहा वर्षांची.

"बीचे बाबा, आज वार कोणता?"

"सोमवार."

"मी आपला वार विचारतेय."

"साहेबाला आपला वार ठाऊक नाही. त्याची पाहणी सोमवारी असते, आणि सोमवार आज आहे."

"साहेबाला ठाऊक नाही. तुम्हाला?"

बाबांनी पाचरीवर आणखी एक दगड घातला आणि बाहेर पडले.

माझे बाबा, तोसाम, शेतकी खात्यात मुकादम होते. खाकी अर्धी चड्डी, पितळी बक्कल, एका पिशवीत खुंट्या आणि सुतळीचा गुंडा. गोरे जायला तेव्हा तीनच वर्षं उरली होती, पण ते कोणाला ठाऊक? तेव्हा वाटायचं, हे असंच चालणार. खात्याच्या गोऱ्या साहेबाचा हुकूम होता की उतारावर उभे वरंबे घालायचे नाहीत, आडवे घालायचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. उभ्या सरीतून पावसाचं पाणी धावतं आणि माती घेऊन जातं. जी बाई ऐकणार नाही तिला दंड, तरी ऐकलं नाही तर पीक उपटायचं.

हे समजावायला साहेबानं चर्चच्या अंगणात बायकांना जमवलं होतं. पत्र्यावर माती पसरून झारीनं पाणी ओतून दाखवलं. बायकांनी शांतपणे बघितलं. मग म्हाताऱ्या कुओह आजीनं विचारलं, "साहेबाची आई कुठल्या टेकडीवर पेरते?"

बाबांनी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतायत, विचार करतो."

आमच्यात थोडीफार इंग्रजी कळणाऱ्या दोघीतिघी होत्या. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि सगळं अंगण हसून हसून वाकलं. साहेबही हसला. त्याला वाटलं, पटलं.

उभ्या सरीत बाई चढाकडे तोंड करून उभी राहते, माती हाताशी येते, कंबर फार वाकवावी लागत नाही. आडव्या सरीत एक पाय वर, एक खाली, आणि पाठीला बांधलेलं मूल एका बाजूला कलंडत राहतं. लहानपणी हे मी नुसतं ऐकलं होतं. माझी लेक नाके पाठीवर होती तेव्हा एकदा मी हट्टानं आडवी सरी घालून पाहिली. चार हात गेले नाहीत तोच ती काखेत येऊन पोचली होती.

त्या सकाळी आई मला घेऊन बाबांच्या मागोमाग गेली. साहेब कुओह आजीच्या शेताच्या कडेला छत्री घेऊन उभा होता. गुडघाभर मका, मधे घेवडा, कडेनं अळू. वरंबे उभे, सरळ, विंचरल्यासारखे. कुओह आजी विधवा होती, आणि आमच्या टेकडीवरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली.

साहेबानं छत्रीचं टोक मक्याकडे केलं. बाबा क्षणभर थांबले. ते थांबले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्यांनी कुदळ उचलली.

मक्याचं पहिलं ताट आडवं झालं तेव्हा आजी साहेबाकडे पाहतही नव्हती.

"तोसाम, तुझी नाळ मी कापली. आज कोणता वार आहे हेही तुला मीच शिकवलं."

"आजी, बाजूला हो. मला माझं काम करू दे."

"कर की. माती निजलीय, तिच्या तोंडावर घाव घाल."

त्यांनी अर्धा वाफा उपटला. आजी तोवर उभी राहिली. मग तिनं चार बोटं ओठांवर आपटत तोंडातून तो आवाज काढला. बारीक, उंच, मधे मधे तुटणारा. पलीकडच्या अंगणातून कोणीतरी तो उचलला, मग खालच्या पाणवठ्यावरून, मग समोरच्या टेकडीवरून. साहेबानं छत्री मिटली. काय आहे, असं त्यानं बाबांना विचारलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

याला आम्ही अन्लू म्हणतो. ज्या पुरुषानं बायकांचा घोर अपमान केला त्याच्यावर बायका तो बसवतात. मग त्या माणसाशी कोणी बोलत नाही, त्याला विस्तव देत नाही, त्याचं अन्न शिजवत नाही. तो शरण आला, तर त्याला ओढ्यात न्हाऊ घालून मोकळा करतात. नव्या चंद्रापर्यंत आला नाही, तर त्याला मेलेला धरून त्याचं रिकामं मातीचं मडकं पुरतात. त्यानंतर बायको माहेरी, मुलं मामाकडे, आणि दार कायमचं बंद.

दुपारी त्या आमच्या अंगणात आल्या. अंगाला रानवेली गुंडाळलेल्या, तोंडाला चिखल, आणि सगळ्यांनी नवऱ्यांच्या फाटक्या विजारी घातलेल्या. नेहमी मान खाली घालून चालणाऱ्या शेजारणी त्या दिवशी ओळखू येत नव्हत्या. त्या नाचल्या, बाबांच्या चालण्याची नक्कल केली, रानवांगी दारावर फेकून ताल धरला. मला भीती वाटायला हवी होती. मला हसू येत होतं.

मग कुओह आजीनं हाक मारली, "नांगे, तू आत आहेस की बाहेर?"

नांगे माझी आई. ती चुलीशी होती. तिनं मक्याच्या पिठाचं फुफू घोटून संपवलं, मोठा गोळा केळीच्या पानात बांधला, पालेभाजी झाकली आणि दोन्ही बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे आजचं," ती म्हणाली.

"आणि उद्याचं?"

"उद्याचं तुमच्या हातात आहे."

मग तिनं खुंटीवरची बाबांची दुसरी खाकी चड्डी काढली, लुगड्यावरूनच चढवली, पितळी बक्कल आवळलं, आणि माझा हात धरून बाहेर आली. बायकांनी असा काही आवाज केला की कोंबड्या छपरावर गेल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही वरच्या अंगाला कुओह आजीच्या घरी राहिलो. सांगायला लाज वाटते, पण माझ्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. शाळा बंद. बाजार बंद. दिवसभर दहा-बारा बायका आणि त्यांची पोरं. सकाळी त्या कुदळी खांद्यावर टाकून एकेकीच्या शेतात जायच्या आणि बाबांनी ठोकलेल्या खुंट्या उपटून उभे वरंबे घालायच्या. साहेब दोनदा जीप घेऊन आला, दोन्ही वेळा बायका रस्त्यात मांडी घालून बसल्या आणि कणसं सोलू लागल्या. दुसऱ्या वेळी त्याला एकीनं भाजलेलं कणीसही दिलं. त्यानं ते खाल्लं आणि जीप मागे वळवली. संध्याकाळी तांबड्या तेलाचा वास, अंगणभर गाणी, आणि शेतात हसून दमलेल्या बायकांच्या मांड्या. ज्या मांडीवर डोकं टाकावं ती आपलीच. तसा ऊबदार गलका मला पुन्हा कुठं मिळाला नाही.

फक्त आईचं एक होतं. त्या शेतांतून खाली आमचं छप्पर दिसायचं. ती काम करता करता मला म्हणायची, "बी, बघ गं, धूर आहे का?"

"आहे."

"काळा की पांढरा?"

"काळा."

"जाळतोय मेला," असं म्हणून ती पुन्हा कुदळ मारायची. बाबांना फुफू येत नसे. पीठ आधी की पाणी आधी, हेही त्यांना ठाऊक नसावं.

एक दिवस धूर नव्हता. मी सांगितलं. थोड्या वेळानं कुओह आजीचा आवाज आला, "नांगे, अगं तुझा वरंबा बघ. आडवा चाललाय. साहेबाची नोकरी धरलीस की काय?"

सगळ्या हसल्या. आईपण हसली. मग तिनं तो वरंबा मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून घातला.

दुसऱ्या दिवशीही धूर नव्हता. त्या संध्याकाळी चिया मामा आला. आमच्यात मूल आईच्या घराण्याचं, त्यामुळे मामाचा शब्द मोठा, आणि अन्लू बसलेल्या माणसाशी बोलायची मुभा त्याला एकट्याला. तो बाबांकडूनच आला होता.

"ताप आहे त्याला," मामा म्हणाला. "कच्चं रताळं चावत बसलाय."

"शरण जा म्हणून सांगितलंस?" आईनं विचारलं.

"सांगितलं. म्हणतो, बायकांपुढे वाकलो तर साहेब खाकी काढून घेईल. मी म्हटलं, एक खाकी तर आधीच बायकोनं नेलीय." मामानं आईच्या कमरेकडे पाहिलं. "चार दिवसांत चंद्र दिसेल, नांगे. मडकं पुरलं की मी पोरीला घेऊन जाणार. मला दुसरा रस्ता नाही."

"ठाऊक आहे."

"तू एकदा जाऊन बोल त्याच्याशी."

आई पानं निवडत होती. कुओह आजी कोपऱ्यात होती, पण तिनं मान वर केली नाही. आई गेली असती, तर तिनं अडवलं नसतं असं मला आता वाटतं. आईनं पानं निवडून संपवली, देठ बाजूला केले.

"आजीचा जो मका उपटला, त्याला कणीस धरलं होतं का रे?" तिनं मामाला विचारलं.

"नसेल धरलं अजून."

"तेच," आई म्हणाली, आणि उठून पाणी आणायला गेली.

ते चार दिवस ती धुराचं विचारायची नाही. मीच आपणहून सांगायचे, "नाहीये." ती म्हणायची, "बरं." चौथ्या दिवशी सकाळी बायकांनी आमचं एक मडकं आणून अंगणात ठेवलं. त्याच मडक्यातून बाबा घरी आले की पाणी प्यायचे. मी त्याला हात लावला तर आई म्हणाली, "नको."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पायवाटेवर बोकड ओरडला.

बाबा येत होते. अनवाणी, कमरेला नुसतं फडकं. हाडं वर आलेली. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात बोकडाचा दोर, आणि बोकड काही केल्या चढ चढेना. ते ओढायचे, तो बसायचा. शेवटी बाबांनी त्याला खांद्यावर घेतला, आणि कोंबडी काखेत. गळ्यात खुंट्यांची पिशवी होती. इतक्या बायका उभ्या होत्या, पण कोणी हसलं नाही.

ते कुओह आजीपुढे गुडघ्यावर बसले.

"आजी, त्या दिवशी मला वार ठाऊक होता," ते म्हणाले.

"मग उठ," आजी म्हणाली. "अंगाला वास मारतोय."

बायकांनी त्यांना ओढ्यावर नेलं. पोरांना जवळ येऊ देत नव्हत्या, पण मी झुडपातून पाहिलं. त्यांनी बाबांना लहान मुलासारखं चोळून धुतलं, डोक्यावर पाणी ओतलं, तांबड्या लाकडाची पूड आणि तेल चोळलं. पिशवीतल्या खुंट्या एकेक करून पाण्यात सोडल्या. मग आजीनं फुफूचा घास भाजीत बुडवून त्यांच्या तोंडात घातला. बाबा चघळता चघळता रडायला लागले, तर कोणीतरी म्हणालं, "मिरची जास्त झाली का, बोबे?" बोबे म्हणजे आमच्यातला मानाचा शब्द, तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणी त्यांना तो लावला होता.

आई मात्र ओढ्यावर आली नव्हती. ती आमच्या घरी जाऊन चूल सारवत होती.

न्हाऊ घातलं की विषय संपतो. तो माणूस जिवंत असेतो ती गोष्ट कोणी काढायची नाही. शेजारणीनं नाही, मुलानं नाही, बायकोनंही नाही. आणि खरंच कोणी काढली नाही. बाबांची नोकरी गेली. ते ताडी काढायला लागले, अंगण झाडायला लागले, फुफू तर पुढे आईपेक्षा बरं घोटायचे. टेकडीवरचे वरंबे उभेच राहिले. एखाद्या वर्षी मोठा पाऊस झाला की सऱ्यांतून तांबडं पाणी धावत खाली यायचं. बाबा दारात उभे राहून ते ओढ्याला मिळेपर्यंत बघत राहायचे. आई मागून येऊन त्यांच्या खांद्यावर पोतं टाकायची आणि म्हणायची, "आत या, भिजाल."

आई सहा वर्षांपूर्वी गेली. बाबा या कोरड्या दिवसांत गेले, म्हणून आता मी बोलू शकते. पहिल्यांदा मी ही गोष्ट सांगितली ती नाकेला, परवा दुपारी, धाकटा झोपल्यावर. ती आता सहा वर्षांची आहे. तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, चड्डी चढवली तिथं ती खूप हसली, पुन्हा पुन्हा तेवढंच सांगायला लावलं. बोकडाच्या वेळीही हसली. ओढ्यावरचं ऐकताना माझ्या पायाच्या बोटाशी खेळत बसली. मला वाटलं, पेंगुळली.

मग मान वर न करता तिनं विचारलं, "आई, आजोबा आलेच नसते, तर आजी गेली असती का गं खाली?"