बेडीचं याजकपद

“सम्राटाच्या देवांपुढे चिमूटभर धूप टाक आणि घरी जा,” शिपाई म्हणाला. “मुताच्या हौदात कपडे तुडवणारा धोबी तू. तुला कसला एवढा ताठा?”

“मी ख्रिस्ताचा,” मिग्गिन म्हणाला.

शिपायाने त्याचे आणखी एक बोट मागे वाकवून मोडले. उजवा हात संपल्यावर डावा ओढला.

कार्थेजच्या तुरुंगात त्याला साखळीसकट फेकले, तेव्हा थोरला भाऊ यादेर भिंतीशी पडला होता. घोडी म्हणत त्या लाकडी सांगाड्यावर ताणून त्याचे खांदे निखळवले होते. बरगडी फुप्फुसात घुसली होती. प्रत्येक श्वासाला तोंडातून लाल फेस येत होता.

“मरायच्या आत प्रभूची भाकरी मिळू दे रे,” तो म्हणाला.

भाकरी आली ती सिल्वान आबांच्या हातून. पहारेकऱ्याची मूठ दाबून ते आत आले होते. मंडळीचे याजक. त्यांची बोटे शाबूत होती. बाजारातल्या वेदीवर त्यांनी धूप टाकताना साऱ्या गावाने पाहिले होते.

ते आशीर्वादासाठी भाकरीवर हात धरणार, तोच यादेर ओरडला, “तुमचा हात नको, आबा! धुपाचा वास येतोय त्याला.”

“मग कोणाचा? दुसरा याजक आहे कुठे?”

“हा काय, मिग्गिन.”

“डोकं फिरलं का तुझं?” मिग्गिन म्हणाला. “माझ्या अंगाला मुताचा वास येतो.”

“तो चालेल मला.” यादेर हसला आणि रक्त ओकला.

“पण याजक करताना ठेवतात तसे माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवलेले नाहीत.”

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. “लागत नाहीत,” ते म्हणाले. “ख्रिस्ताच्या नावासाठी ज्यानं बेडी सोसली, त्याला याजकपद मिळालेलंच असतं. मीच शिकवायचो हे.”

“प्रार्थना येत नाही मला.”

“जमेल तशी म्हण.”

मिग्गिनने सुजलेले पंजे भाकरीवर धरले. “देवा, गहू तुझा. आम्ही पण तुझेच. माझ्या भावाला जवळ घे.” भाकरी मोडायला बोटे मिटेनात. आबांचा हात सवयीने पुढे झाला.

“राहू द्या, आबा.”

त्याने भाकरी दातांनी तोडली आणि वाकून तुकडा यादेरच्या ओठांत ठेवला. यादेरचा गळा एकदा हलला. मग फेस थांबला. मिग्गिनने मनगटाने त्याचे डोळे मिटले.

कोठडीतले बाकीचे ख्रिस्ती कैदी एकेक करून पुढे आले. शेवटी आबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तोंड उघडले.

मिग्गिन त्यांच्याकडे पाहत राहिला. “तुम्हीच सांगा, आबा. देऊ?”

आबांनी तोंड मिटले. नकारार्थी मान हलवली. मग उठून ते दारापाशी गेले आणि मंडळीत पाप करून पश्चात्ताप करणाऱ्यांना भाकरी न देता ते स्वतः जसे उभे करत, तसेच उंबऱ्याच्या बाहेर, आत तोंड करून उभे राहिले.